मुदत कोणी ठरवली?

रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) लिऑन नावाचा रेप्लिकंट, म्हणजे कारखान्यात घडवलेला माणूस, आपल्या जिवावर उठलेल्या डेकर्ड या पोलिसाला रस्त्यात गाठतो, त्याला आपटून आपटून मारतो आणि मारता मारताच स्वतःची जन्मतारीख सांगून विचारतो, की मी किती जगणार. जन्मतारीख आहे १० एप्रिल २०१७ आणि गोष्ट घडते आहे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, लॉस एंजेलिस शहरात. डेकर्ड सांगतो, चार वर्षे. लिऑनला हे उत्तर आधीपासून ठाऊक असणार, पण ते त्याला समोरच्या ‘खऱ्या’ माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचे आहे. ते ऐकल्यावर तो म्हणतो, तुझ्यापेक्षा तरी जास्तच.

क्लोन, प्रतिकृती आणि कृत्रिम मानव यांच्यावरचे चित्रपट ‘माणूस म्हणजे नक्की काय’ हा प्रश्न विचारतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला हा प्रश्न या चित्रपटांपुरता तरी फसवा वाटतो. यांतला कोणताही बरा चित्रपट घ्या. पडद्यावरची प्रतिकृती माणूसच आहे हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात मनोमन पटलेले असते, कारण ती भूमिका करणारा नट माणूस असतो आणि व्याख्या काहीही सांगत असल्या तरी आपण त्याच्या चेहऱ्यावरच विश्वास ठेवतो. शंका उरते ती गोष्टीतल्या कंपनीला, सरकारला किंवा इस्पितळाला, आणि ती शंका जिवंत ठेवण्यात त्यांचा रोकडा फायदा असतो. म्हणून असा चित्रपट पाहताना मी अलीकडे दुसऱ्याच गोष्टीचा माग घेतो: या जिवाच्या आयुष्याची मुदत कोणी ठरवली, आणि त्या मुदतीतले कष्ट कोणाच्या खात्यावर जमा झाले?

‘ब्लेड रनर’मध्ये या मुदतीची दोन स्पष्टीकरणे मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रायंट हा पोलीस अधिकारी सुरुवातीलाच सांगून टाकतो, की नेक्सस-६ जातीच्या रेप्लिकंटांना काही वर्षांत स्वतःच्या भावना फुटतील अशी धास्ती रचनाकारांना होती, म्हणून चार वर्षांची मर्यादा त्यांच्यात मुद्दाम घालून ठेवली. पुढे रॉय बॅटी हा त्यांचा म्होरक्या थेट कंपनीच्या मालकाच्या, टायरेलच्या, शयनगृहात पोहोचतो आणि आयुष्य वाढवून मागतो, तेव्हा टायरेल मात्र जीवशास्त्र सांगू लागतो. एकदा ठरलेला जनुकीय क्रम बदलता येत नाही. तसा प्रयत्न करून पाहिला होता, पण तो जीवघेणा ठरला. रॉय एकामागून एक उपाय सुचवतो आणि टायरेल तितक्याच शांतपणे तो खोडून काढतो. मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या केबिनमध्ये नातेवाइकांचे असे बोलणे ज्याने ऐकले आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटेल, फक्त इथे आजारही डॉक्टरांनीच तयार केलेला आहे. कोणीतरी घेतलेला निर्णय निसर्गनियमाच्या भाषेत सांगणे, हे टायरेलच्या विद्वत्तेचे या प्रसंगातले खरे काम. त्यानंतर रॉय ज्या क्रौर्याने त्याला मारतो त्याचे समर्थन करता येणार नाही, पण या खोटेपणाकडे नीट पाहिल्यावर ते क्रौर्य अनाकलनीय राहत नाही.

त्याच खोलीत जे. एफ. सेबॅस्टियन हा कंपनीचा गरीब बिचारा तंत्रज्ञ उभा असतो. त्याला अकाली वार्धक्य आणणारा आजार आहे. वय पंचवीस, चेहरा म्हाताऱ्याचा, आणि त्यामुळे परग्रहावरच्या वसाहतीत जायला तो अपात्र ठरलेला आहे. त्याच्या अल्पायुष्याला कोणी जबाबदार नाही. रॉयच्या अल्पायुष्याला जबाबदार असलेला माणूस समोर रेशमी गाद्यागिरद्यांत बसला आहे. स्कॉट यांनी हे दोघे शेजारी शेजारी उभे केले आहेत, याकडे फारसे लक्ष जात नाही. रॉयच्या पावसातल्या अखेरच्या भाषणाबद्दल इतके लिहिले गेले आहे, की मी त्यात भर घालणार नाही. रॉयची भूमिका करणाऱ्या रुटगर हाउअर यांनी ते स्वतः छाटून त्यात शेवटची ओळ घातली एवढे नोंदवतो. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी २००७ ची अंतिम आवृत्ती पाहावी. १९८२ च्या आवृत्तीला निर्मात्यांनी जो सुखान्त चिकटवला होता, त्यात डेकर्ड निवेदनात सांगतो, की रेचेल ही रेप्लिकंट खास आहे आणि तिला मृत्यूची तारीखच नाही. प्रेक्षकांना खूश करायचे तर नेमके काय खोडायला हवे, हे त्या निर्मात्यांना पुरते कळले होते.

प्रत्यक्षातल्या क्लोनिंगमध्ये अशी मुदत आढळलेली नाही. एडिंबरोजवळच्या रॉसलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून तयार झालेली पहिली सस्तन क्लोन; सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतील पेशीचे केंद्रक घेऊन तयार केलेल्या २७७ बीजांडांपैकी हे एकच कोकरू जन्माला आले. फेब्रुवारी २००३ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांची असताना, फुप्फुसाच्या विषाणूजन्य रोगामुळे तिला शांतपणे मरण द्यावे लागले. मेंढ्या त्याहून बऱ्याच जास्त जगतात, म्हणून क्लोन लवकर म्हातारे होतात असा बोभाटा झाला. पुढे २०१६ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी क्लोन केलेल्या तेरा मेंढ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या चार तर डॉलीच्याच पेशींपासून झालेल्या होत्या, आणि वयाच्या मानाने सगळ्या ठणठणीत होत्या. म्हणजे चित्रपटांतली चार वर्षांची किंवा तीन वर्षांची मर्यादा जीवशास्त्रातून आलेली नाही. ती हिशेबाच्या वहीतून आली आहे. क्लोन हा प्रौढ माणसाचा ठसा नसून उशिरा जन्मलेले जुळे भावंड असते, त्याला बाळपणापासूनच सुरुवात करावी लागते आणि केंद्रकाबरोबर आठवणी येत नाहीत, या बाबतींत तर चित्रपट बिनदिक्कत सूट घेतात. ही सूट मी खुशीने देतो, कारण आठवणींशिवाय यांतल्या बहुतेक गोष्टी उभ्याच राहिल्या नसत्या.

क्लोनची आणखी एक जुनी भीती आहे ती संख्येची. देवीमाहात्म्यातल्या रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून दुसरा रक्तबीज उभा राहतो, आणि चामुंडेने ते रक्त वरच्या वर पिऊन टाकेपर्यंत हे थांबत नाही. ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’ (१९७८) या चित्रपटातला नाझी डॉक्टर मेंगेले हिटलरचे ९४ क्लोन तयार करतो, तो याच भीतीचा वारस. त्यातली एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे: केवळ जनुकांवर मेंगेलेचाही भरवसा नाही, हिटलरच्या लहानपणी त्याचे वडील वारले होते म्हणून या मुलांच्या वडिलांना ठार मारण्याचा कट तो रचतो. मला ज्या चित्रपटांविषयी लिहायचे आहे त्यांत भीती उलट दिशेने वाहते. तिथे आपण क्लोनला घाबरत नाही, क्लोनच्या वतीने घाबरतो.

या जातीचा मला सर्वांत आवडणारा चित्रपट म्हणजे डंकन जोन्स यांचा ‘मून’ (२००९). जोन्स तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते, हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि सुमारे पन्नास लाख डॉलर म्हणजे हॉलिवुडच्या मानाने किरकोळ खर्चात, लघुप्रतिकृती वापरून तो तयार झाला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका खाणतळावर सॅम बेल (सॅम रॉकवेल) हा एकटा कामगार हेलियम-३ हे इंधन गोळा करून पृथ्वीवर पाठवतो आहे. सौरवाऱ्याबरोबर येऊन चंद्राच्या मातीत साचणारे हे समस्थानिक खरेच आहे आणि त्याच्या खाणकामाची स्वप्ने आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही चांद्रयानाच्या निमित्ताने अधूनमधून रंगवली जातात. सॅमचा करार तीन वर्षांचा आहे आणि तो संपायला दोन आठवडे उरले आहेत. पत्नीचे आणि लहान मुलीचे ध्वनिचित्रित निरोप येतात, थेट बोलणे मात्र यंत्रणेतल्या बिघाडामुळे शक्य नसल्याचे सांगितले जाते. एका अपघातानंतर तो शुश्रूषाकक्षात जागा होतो, संशय येऊन बाहेर पडतो आणि मोडलेल्या गाडीत त्याला जखमी अवस्थेतला सॅम बेल सापडतो.

इथून पुढे दोन सॅम त्या तळावर एकत्र राहतात. याहून कमी कुवतीच्या दिग्दर्शकाने इथे ‘अस्सल कोणता’ या कोड्यावर तासभर घालवला असता. जोन्स ते कोडे चटकन निकालात काढतात, कारण दोघेही अस्सल नाहीत. अस्सल सॅम केव्हाच पृथ्वीवर गेला आहे आणि तळाच्या पोटात न जागवलेल्या सॅमांची लांबच लांब रांग आहे. त्यानंतर चित्रपट ज्याकडे पाहतो ते मला या विषयावरच्या कोणत्याही वादविवादापेक्षा मोलाचे वाटते. दोघांची जनुके एक, आठवणी एक, चेहरा एक, तरी ती दोन माणसे आहेत. नवा सॅम तापट, अहंकारी आणि टापटिपीचा आहे. जुना सॅम झाडांशी बोलतो, लाकडाचे छोटे गाव कोरत बसतो, भांडण टाळतो. हा फरक फक्त तीन वर्षांच्या एकान्ताने पाडला आहे. ज्या रागापायी संसारात तणाव आला होता तो राग जुन्या सॅमने त्या वर्षांत झिजवून टाकला आहे, आणि नव्यात त्याला स्वतःचा तो जुना राग पुन्हा चालत येताना दिसतो. माणसाची ओळख त्याने प्रत्यक्ष काढलेल्या काळातून घडते, हे इतक्या साधेपणाने सांगितलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. आणि म्हणूनच तीन वर्षांनी त्याला ‘परतीच्या’ कुपीत जाळून टाकणे हा खून ठरतो. तसाच दुसरा जागा करता येत असला, तरी ती तीन वर्षे कोणाच्याही साठ्यात शिल्लक नसतात.

आठवणींचा उपयोग कंपनी कसा करते, हेही इथे स्पष्ट दिसते. ‘ब्लेड रनर’मधला टायरेल मोठ्या समाधानाने सांगतो, की रेप्लिकंटांना भूतकाळ दिला की त्यांच्या भावनांना उशी मिळते आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणे सोपे जाते, रेचेलच्या आठवणी प्रत्यक्षात त्याच्या पुतणीच्या आहेत. ‘मून’मधल्या कंपनीने हाच विचार पुढे नेला आहे. प्रत्येक सॅमला पत्नीची तीच ओढ, घरी जाण्याची तीच आस दिली, की देखरेखीला कोणी नसतानाही तो नेमाने कामावर जातो. नव्या माणसाचा प्रवास नको, प्रशिक्षण नको, पगारवाढ नको. जुना सॅम जेव्हा तळापासून दूर जाऊन पृथ्वीवर फोन लावतो, तेव्हा ज्या मुलीला तो तान्ही समजत होता ती पंधरा वर्षांची झालेली असते, पत्नी वारलेली असते, आणि मागून मुलीच्या वडिलांचा, म्हणजे त्याचा स्वतःचाच, आवाज ऐकू येतो. कंत्राटी कामगाराच्या नशिबी येणाऱ्या अनेक फसवणुकी आपण ऐकतो, वाचतो. ज्याच्याकडे परतायचे ते घरच दुसऱ्याचे असावे, ही त्यांतली शेवटची म्हणायची.

‘नेव्हर लेट मी गो’ (२०१०) विषयी माझे मत इतके सरळ नाही. काझुओ इशिगुरो यांच्या २००५ मधल्या कादंबरीवरून मार्क रोमानेक यांनी हा चित्रपट केला, पटकथा ॲलेक्स गार्लंड यांची आहे. पर्यायी विसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये क्लोन केलेली मुले हेलशम नावाच्या निवासी शाळेत वाढतात, चित्रे काढतात, कविता करतात, आणि मोठी झाल्यावर त्यांचे अवयव एकेक करून काढून घेतले जातात. तिसऱ्या, फार तर चौथ्या ‘दाना’पर्यंत माणूस टिकतो. ही मुले पळून का जात नाहीत, असा आक्षेप जवळपास प्रत्येक नवा प्रेक्षक घेतो. मला तीच या चित्रपटातली सर्वांत खरी गोष्ट वाटते. ज्यांना पळण्याची कल्पनाच कधी कोणी दिली नाही, त्यांच्यासाठी कुंपणाला तारा लागत नाहीत. त्यांच्या बंडाची कमाल मर्यादा म्हणजे अर्ज करणे: दोन क्लोन खरोखर प्रेमात आहेत असे सिद्ध झाले तर दोन-चार वर्षांची सवलत मिळते, अशी अफवा आहे, आणि कॅथी (कॅरी मलिगन) आणि टॉमी (अँड्र्यू गारफिल्ड) पुराव्यादाखल टॉमीची चित्रे घेऊन शाळेच्या माजी मुख्याध्यापिकेच्या घरी जातात. तिथे त्यांना कळते, की सवलत अशी कधी नव्हतीच. मुलांची चित्रे जमवली जात होती ती त्यांना आत्मा आहे का, हे जगाला दाखवण्यासाठी. सदिच्छेने केलेले हे संकलनच मला त्या घरातले सर्वांत भयंकर सामान वाटले, कारण त्यात प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, हे गृहीत धरलेले आहे. मायकेल बे यांच्या ‘द आयलंड’मधले (२००५) अवयवांसाठी पाळलेले क्लोन पळतात, गाड्या उडवतात, सुटतात, पाहताना बरे वाटते आणि घरी येईपर्यंत विसरायला होते.

माझे भांडण आहे ते रोमानेक यांच्या शेवटच्या निवेदनाशी. अठ्ठावीस वर्षांची कॅथी शेतापाशी उभी राहून म्हणते, की ज्यांचे प्राण आम्ही वाचवतो त्यांच्या आयुष्यापेक्षा आमचे आयुष्य फार वेगळे होते का, याची तिला खात्री नाही. संपणे सगळ्यांनाच आहे, आणि पुरेसा वेळ मिळाला असे कोणालाच वाटत नसावे. ही वाक्ये कादंबरीत नाहीत. ती ऐकून डोळे भरून येतात, हेही खरे. पण विचार करू लागलो की मला ती गुन्हेगारांच्या सोयीची वाटतात. मरण सगळ्यांनाच आहे, या सत्याच्या पदराखाली तिचे अवयव कोणीतरी मागणी नोंदवून काढून घेणार आहे ही बाब झाकली जाते. सेबॅस्टियन आणि रॉय यांच्यातला जो फरक स्कॉट यांनी एका खोलीत दाखवला, तो इथे पुसला गेला आहे. क्लोनच्या मरणात आपल्या मरणाचे प्रतिबिंब पाहणे हा या चित्रपटांचा मोठा आनंद आहे, पण आपण त्यात नेहमी कॅथीच्या जागी उभे राहतो, अवयव घेणाऱ्याच्या जागी कधीच नाही, ही त्या आनंदातली खोट आहे.

त्या दुसऱ्या जागी उभे राहण्याचे धाडस आनंद गांधी यांच्या ‘शिप ऑफ थीसियस’ने (२०१२) केले. तो विज्ञानपट म्हणता येणार नाही. त्यातल्या शस्त्रक्रिया आजच्या मुंबईतल्या आहेत. तिसऱ्या कथेतल्या नवीन या शेअर दलालाला नुकतेच मूत्रपिंड मिळाले आहे, आणि आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेच्या नावाखाली शंकर या मजुराचे मूत्रपिंड चोरले गेल्याचे त्याला कळते. आपल्या पोटातले ते शंकरचेच तर नाही ना, ही त्याची पहिली भीती. ते तसे नसते, तरीही तो माग काढत थेट स्टॉकहोमपर्यंत जातो. आणि शंकर? तो अखेर पैसे स्वीकारतो. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला, त्याने अवयवांचा व्यापार गुन्हा ठरवला, आणि त्यानंतरही मूत्रपिंडाच्या रॅकेटच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. हेलशमसारखी खर्चिक शाळा चालवण्याची गरज कोणाला भासेल, अशी परिस्थिती मुळात आपल्याकडे नाही.

कोणाचाही फायदा नसताना तयार झालेली प्रतिकृती पाहायची असेल, तर तार्कोव्हस्की यांच्या ‘सोलारिस’कडे (१९७२) जावे लागते. स्टानिस्लाव लेम यांच्या कादंबरीतला, सोलारिस या ग्रहावरचा विचारशील महासागर क्रिस केल्विनच्या स्मृतीतून त्याची मृत पत्नी हारी घडवतो. तिच्या पोशाखाला उघडण्याची सोयच नाही, केल्विनला तो कात्रीने कापावा लागतो, कारण आठवणीत बंद-गुंड्या नेमक्या कुठे होत्या हे राहिलेले नाही. परकेपणा दाखवण्याची इतकी घरगुती युक्ती मला दुसऱ्या विज्ञानपटात आढळली नाही. हारीला मुदत नाही. तिला मरताच येत नाही. द्रवरूप ऑक्सिजन पिऊनही ती थोड्या वेळाने, भयानक आचके देत, पुन्हा जिवंत होते. ग्रंथालयातल्या प्रसंगात ती वैज्ञानिकांना सांगते, की ती हळूहळू माणूस होत आहे. आणि शेवटी ती केल्विनला न सांगता आपले अस्तित्व नष्ट करवून घेते. बाकीच्या चित्रपटांत मुदत लादली जाते, इथे ती मागून घ्यावी लागते. हारीचा निर्णय मला पटत नाही, पण तो तिचा आहे एवढे चित्रपट ठामपणे मानतो.

अलीकडच्यांपैकी बाँग जून-हो यांचा ‘मिकी १७’ (२०२५) हा सगळा हिशेब उघडपणे विनोदी करून टाकतो: मेला की पुन्हा छापायचा असा कामगार, ज्याने करार न वाचताच सही केली. पहिला तास धमाल, पुढे तो फार पसरतो. बेंजामिन क्लीअरी यांचा ‘स्वान साँग’ (२०२१) मात्र जितका गाजायला हवा होता तितका गाजला नाही. त्यात बाजू उलटली आहे. कॅमरन (माहेर्शाला अली) हा जीवघेण्या रोगाने ग्रासलेला चित्रकार स्वतःच्या सगळ्या आठवणींसह एक निरोगी प्रतिकृती तयार करवून घेतो. प्रतिकृती घरी जाईल, पत्नीला आणि मुलाला काही कळणार नाही, आणि तो स्वतः दूरच्या त्या केंद्रात एकटा मरेल. मुदत मूळ माणसाला आहे, ती निसर्गाने दिली आहे, आणि प्रतिकृतीचे कोणी शोषण करत नाही. अली यांनी दोन्ही भूमिका इतक्या संयमाने केल्या आहेत, की त्याग म्हणजे काय ते पाहत राहावे. तरी पाहताना माझे लक्ष सारखे त्याच्या पत्नीकडे, पॉपीकडे, जात होते. तिचा जुळा भाऊ वारल्यावर ती किती खचली होती हे कॅमरनने पाहिले आहे, आणि तिला पुन्हा तसे दुःख नको म्हणून तो हे करतो. पण नवऱ्याच्या मरणाचे दुःख करायचे की नाही, हे ठरवण्याची संधी तिला कोणी दिलेली नाही. डॉक्टर, कॅमरन आणि नंतर त्याची प्रतिकृती असे तिघे मिळून तिच्या उरलेल्या आयुष्याबद्दलचा निर्णय तिच्या अपरोक्ष घेऊन मोकळे होतात. चित्रपट हा प्रश्न एकदोनदा उच्चारतो आणि अली यांच्या चेहऱ्यावर सोपवून पुढे निघून जातो. पॉपीच्या बाजूने हीच गोष्ट कोणी सांगितली, तर ती मला पाहायची आहे.